डोकी मोजणारी माणसं: केडगाव, वडाळा, जामखेड

आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ मे महिन्यात उन्हाळी सेवेला निघतो. मुलं सोळा ते बावीस वयाची. कुणी बारावीच्या निकालाची वाट बघतंय, कुणी इंजिनिअरिंगला कंटाळलंय. पाळकसाहेब प्रार्थना करून पाठवतात, पालक डबे देतात आणि उरलेलं सगळं स्टाफवर सोडतात. स्टाफ म्हणजे मी, सगळे ज्यांना नुसतं 'सर' म्हणतात ते एक निवृत्त शिक्षक, कॉलेज संपवलेले दोन जण आणि स्वयंपाकाच्या मावशी. पगार नाही. काम विचाराल तर डोकी मोजणं. गाडीत चढताना, उतरताना, प्रार्थनेला, जेवायला आणि रात्री दिवे मालवायच्या आधी.

यंदा सरांनी आणि मी एक गोष्ट आधीच सांगून टाकली. कुठल्याशा पाड्यावर जाऊन जुने कपडे वाटायचे, लहान पोरांना कडेवर घेऊन फोटो काढायचे आणि परत यायचं, हे करायचं नाही. नगर जिल्ह्यात जायचं. "तिथे काय आहे?" एकाने तोंड वाकडं करून विचारलं. "तुझा पणजोबा," सर म्हणाले.

सोमवार

पुणे स्टेशनवरून दौंडची गाडी धरली. मे महिन्यातली सकाळची गर्दी, त्यात आमच्या वळकट्या, एक ढोलकी, एक गिटार आणि मावशींचं पातेलं. उतरायचं होतं केडगावला, दौंड तालुक्यातल्या. हे मी पालकांच्या ग्रुपवर दोनदा लिहिलं होतं, तरी व्हायचं ते झालंच. नगर शहरालाही केडगाव नावाचं उपनगर आहे. एका मुलीचे मामा तिथे राहतात, ते भाचीसाठी डबा घेऊन तिथल्या बसथांब्यावर उभे राहिले. फोनवर त्यांचा आवाज इतका चढला होता की अख्ख्या डब्याला कळलं, डब्यात पुरणपोळी आहे.

पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन स्टेशनपासून जवळ आहे. रमाबाईंनी शारदा सदन काढलं 1889 साली, मुंबईत. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. मग 1896-97 चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात उपाशी फिरणाऱ्या शेकडो मुली आणि बाया त्यांनी गोळा करून आणल्या, आणि पुण्यात प्लेग असल्याने केडगावच्या या माळावर वसवल्या. मुलांना हे 'इतिहास' म्हणून सांगितलं की ती जांभया देतात, हा माझा अनुभव. म्हणून सरांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. रमाबाई स्वतः तरुण असताना 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावून बसल्या होत्या. भावाबरोबर देशभर पायी हिंडल्या होत्या. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं ते त्यानंतर, 1878 मध्ये. "म्हणजे त्यांना उपाशी राहणं काय असतं ते माहीत होतं," एक मुलगी म्हणाली. सर पुढे काही बोलले नाहीत. तेवढं पुरेसं होतं.

संध्याकाळी मोबाईल गोळा केले. हा दरवर्षीचा समारंभ असतो. प्रत्येकाला अचानक आईला फोन करायचा असतो.

मंगळवार

मुक्तीमध्ये आजही निराधार स्त्रिया, मुलं, वयस्कर आणि अपंग माणसं राहतात. आम्ही पाहुणे, म्हणून आमचे नियम आम्हीच कडक ठेवले होते: कुणाही मुलाचा फोटो नाही, कुणाला "तू इथे कशी आलीस?" असं विचारायचं नाही, आणि कुणाला खाऊ द्यायचा तर आधी तिथल्या ताईंना विचारून. दुसरा नियम पाळणं सगळ्यात जड जातं. आपल्याकडे ओळख झाली की दुसऱ्याच वाक्याला गाव, आडनाव आणि 'तुमच्यात' सुरू होतं.

काम काय मिळालं? तर निवडणं, झाडणं आणि भांडी. एका खोलीत धान्य पसरलं होतं, मुलींबरोबर मुलांनाही बसवलं. दोघांनी नाराजी दाखवली. घरून निघताना त्यांना वाटलं होतं की आपण भिंती रंगवू, शिकवू, काहीतरी उभारू. इथल्या आजींना त्यांच्याकडून हवं होतं ते इतकंच की खडे नीट निघावेत. माझ्या मते हेच बरं. आठवडाभरासाठी आलेल्या माणसाने दुसऱ्याच्या घरात काही उभारायच्या भानगडीत पडू नये. उभारलेलं टिकवायला तो नसतो.

दुपारी बायबलच्या भाषांतराची हकीकत ऐकली, आणि इथे मात्र मुलं खरोखर गप्प बसली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून घेतल्या, त्याही पन्नाशीच्या आसपास. अख्खं बायबल मराठीत आणलं, ते खेड्यातल्या बाईला वाचता येईल अशा मराठीत. संस्कृतात वाद घालून कलकत्ता जिंकलेल्या बाईने मुद्दाम सोपं लिहायचं ठरवलं. आणि ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम इथल्या मुली करायच्या, म्हणजे ज्यांना काही वर्षांपूर्वी कुणी दुष्काळातून उचलून आणलं होतं त्या. मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, स्वतः रमाबाई 5 एप्रिल 1922 ला. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं 1924 मध्ये.

आमच्यातला एक मुलगा प्रिंटिंगचा कोर्स करतो. तो रात्रीपर्यंत हाच हिशोब मांडत होता: एका पानाला खिळे किती, दिवसाला पानं किती. त्याला कुणी आवरलं नाही.

बुधवार

चौफुला, न्हावरा, शिरूर, सुपा करत बसने नगर. सरकारी नाव आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय. ऊन असं की सुप्याला उतरलेल्या मुलांनी चहाऐवजी उसाचा रस मागितला आणि मी बर्फावरून नाही म्हटलं. स्टाफला लोकप्रिय होण्याची मुभा नसते.

नगरला पोचेपर्यंत एका मुलीचं डोकं गरगरायला लागलं. सावलीत आडवं केलं, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. तासाभरात ती उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली, "मम्मीला सांगू नका." सांगितलं. आईबापापासून लपवून सेवा होत नसते, हा आमच्या पाळकसाहेबांचा जुना नियम.

नगर हे मराठी ख्रिस्ती माणसाचं एका अर्थाने माहेर. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत आले 1813 मध्ये, नगरला 1831 मध्ये. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक इथून निघायला लागलं 1842 साली. सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई, लग्न न करता, एकटी, 1827 मध्ये मुंबईत उतरली. 1839 पासून 1862 मध्ये मरेपर्यंत नगरच्या मुलींना शिकवत राहिली. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली होती, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्यासाठी जे शिक्षण घेतलं त्यात फरारबाईंच्या शाळेचाही वाटा आहे. शाळेच्या पुस्तकात फुल्यांचा धडा मुलं वाचतात. त्या धड्याची एक वाट आपल्या मंडळीच्या आवारातून जाते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. क्लेरा ब्रूस शाळेवरून जाताना एका मुलीला आठवलं की तिची आजी तिथेच शिकली होती. मग नगर कॉलेज. डॉ. भा. पां. हिवाळ्यांनी 1947 मध्ये ते सुरू केलं. मुलांना त्यात रस येईना, पण बाहेरच्या कट्ट्यावरच्या वडापावात आला.

संध्याकाळच्या मननात सरांनी विचारलं, "आपल्या लोकांपैकी तुम्हाला नावानिशी कोण माहीत आहे?" उत्तरं आली: रमाबाई. टिळक, म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. बाबा पदमनजी. "अजून?" शांतता. सगळी नावं शिकलेल्या, लिहित्या, वरच्या जातींतून आलेल्या माणसांची. त्यांनी लिहून ठेवलं, म्हणून ती राहिली. सर म्हणाले, "उद्या बाकीच्यांकडे जाऊ."

गुरुवार

वडाळा बहिरोबा, नेवासा तालुका. छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर, घोडेगावच्या पुढे. शिंगणापूरला निघालेल्या गाड्यांची रांग लागलेली. आपण वडाळा मिशन म्हणतो ते इथलं. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे लग्नानंतर 1960च्या दशकात इथल्या दवाखान्यात काम करत होते. इथेच त्यांच्या लक्षात आलं की पेशंट बरा होऊन जातो आणि त्याच आजाराने परत येतो, कारण गावात काही बदललेलं नसतं. पण त्याचं शुक्रवारी.

इथल्या मंडळीच्या एका वयस्कर काकांनी आम्हाला वस्ती दाखवली. नव्वदीकडे झुकलेले, काठी टेकत पण आमच्या पुढे. ते पुस्तकातलं सांगत नव्हते. त्यांच्या आजोबांनी काय सांगितलं ते सांगत होते. 1876 ते 78 चा दुष्काळ, त्यानंतर आणखी दोन. गावकुसाबाहेरची माणसं, मिशनच्या खडी फोडायच्या कामावर गेलेली. तिथे मजुरी मिळाली, धान्य मिळालं, आणि पोरांना पाटी मिळाली. "भाकरीसाठी गेले म्हणतात लोक," काका म्हणाले. "गेले असतील. भाकरी कुणाला नको? पण पाटी घेऊन परत आले, ते कुणी बोलत नाही." पुढे काकांचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर झाले. एका खोलीची शाळा, चार इयत्ता, आणि रविवारी तीच खोली मंडळी.

रात्री जेवण झाल्यावर भांडी घासायची पाळी मुलांची होती. नळाशी बसून राख आणि काथ्याने पातेलं घासता घासता एकाने विचारलं, अगदी सहज, "ताई, म्हणजे आपण आधी कोण होतो?"

या प्रश्नासाठी मी आले होते असं मी म्हणणार नाही, पण तो येणार हे माहीत होतं. पुण्यात वाढलेल्या मुलांना हे घरी सांगत नाहीत. आडनाव बदललेलं असतं, किंवा बायबलमधलं घेतलेलं असतं. जात विचारली की 'ख्रिश्चन' म्हणून विषय संपतो. मी सांगितलं ते साधंच: या जिल्ह्यातली बहुतेक ख्रिस्ती घरं महार आणि मांग समाजातून आलेली आहेत, माझंही. काकांचे आजोबा, तुझा पणजोबा, माझ्या आजोबांचे वडील, सगळे एकाच विहिरीपासून हाकललेले.

"मग आपल्याला एससीची सवलत का नाही?" प्रवेशाचे अर्ज भरायचा हंगाम, प्रश्न इथेच येणार होता. 1950चा राष्ट्रपतींचा आदेश सांगितला. अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना, नंतर 1956 मध्ये शिखांना, 1990 मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमानांना नाही. "पण विहिरीवर हाकलताना धर्म विचारला होता का?" एक मुलगी म्हणाली. नळ चालू होता, तो सरांनी बंद केला, पाणी वाया जात होतं म्हणून. चर्चा बंद केली नाही. साडेबाराला मीच सगळ्यांना हाकलून झोपवलं, डोकी मोजली. एक कमी. तो काकांच्या ओसरीवर बसून अजून प्रश्न विचारत होता.

शुक्रवार

नगरला परत येऊन जामखेडचा रस्ता धरला. हा रस्ता मधेच बीड जिल्ह्यात शिरतो, कडा आणि आष्टी करून पुन्हा नगर जिल्ह्यात येतो. झाडं कमी होत जातात, खिडकीतून आत येणारा वारा तापत जातो.

आरोळे दांपत्याने 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघे वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेले, आणि मुद्दाम दुष्काळी तालुका निवडलेले. आधी त्यांनी नर्सेसना खेड्यात पाठवून पाहिलं. त्या तिथे राहीनात. मग त्यांनी गावांनाच सांगितलं, तुमची एक बाई द्या. बहुतेक निरक्षर, अनेकजणी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. या बायांना बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग, लसी असं एकेक शिकवत त्यांच्या हाती गावाचं आरोग्य दिलं. दोघांना 1979 मध्ये मॅगसेसे मिळालं. मेबलबाई 1999 मध्ये गेल्या, डॉक्टर 2011 मध्ये. काम चालू आहे.

मला सगळ्यात आवडते ती बोअरची गोष्ट. दुष्काळात गावोगाव पाण्यासाठी बोअर घ्यायचे होते. जागा निवडताना ते दलित वस्तीत पडतील असं पाहिलं गेलं. म्हणजे गावाला पाणी हवं तर पाटलाच्या घरची बाईसुद्धा हंडा घेऊन वस्तीत येणार. विटाळावर भाषण नाही, प्रवचन नाही. नुसती पंपाची जागा. कालच्या रात्रीनंतर ही गोष्ट मुलांना वेगळीच लागली. टाळ्या वाजवल्या त्या विहिरीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या भावाने.

इथे जयपूर फूट बनवण्याची कार्यशाळाही आहे. प्रिंटिंगवाला आणि दोन मेकॅनिकलवाले तिथून हलेनात. एका अनुभवी आरोग्यसेविकेशी मुलींचं बोलणं झालं. तिने उलट त्यांनाच तपासलं: "हिमोग्लोबिन किती?" कुणालाच माहीत नाही. "कॉलेजात शिकता ना?" असं म्हणून ती हसली. दुपारी हुलग्याचे शेंगोळे होते. पुण्याच्या मुलांना आधी ते बघूनच कळेना खायचं कसं, मग दुसऱ्यांदा वाढून घेतले.

शनिवार

जवळच्या एका गावात मंडळीच्या अंगणात मुलांची उन्हाळी शाळा, म्हणजे आमच्या भाषेत व्हीबीएस. गोष्ट, गाणी, चित्रं, खाऊ. आमचे नियम इथेही: पत्रकं वाटायची नाहीत, शेजारपाजारची मुलं आली तर आईबापाला विचारून बसवायची, आणि कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची नाही, जोवर घरचे मागत नाहीत. एका नव्या मुलाला हे पटलं नाही. सुवार्ता सांगायची नाही तर आलो कशाला, असं तो म्हणाला. सरांनी त्याला उत्तर न देता चित्रांच्या टेबलावर बसवलं, रंग वाटायला. पोरं त्याच्या अंगावर चढली. दुपारपर्यंत त्याला वाद घालायला उसंतच नव्हती. माझ्यापुरतं सांगते, मला त्याचा प्रश्न चुकीचा वाटत नाही, पण अनोळखी मुलाच्या आईला न विचारता काही सांगणं मला चोरीचं वाटतं.

गाण्यांत आमची फजिती झाली. गिटारवाल्याने हात हलवायची इंग्रजी गाणी बसवून आणली होती. गावच्या पोरांनी दोन ऐकली आणि मग पेटी, टाळ काढले. टिळकांनी ख्रिस्ती भजन अभंग-ओवीच्या चालीवर आणलं त्याला शंभर वर्षं होऊन गेली. नगर भागात ख्रिस्ती कीर्तन तर त्याही आधीपासून चालतं. ही दहा-बारा वर्षांची पोरं ठेका न चुकता गात होती आणि आमची मंडळी तोंडात बोट घालून बघत होती. गिटारवाला हुशार, त्याने गिटार बाजूला ठेवून ढोलकी मागून घेतली. ती त्याला जमत नव्हती. एका चिमुरड्याने त्याच्या हातातून काढून घेतली.

संध्याकाळी स्टाफची बैठक. खर्च, औषधं, उद्याची गाडी. दोघींचं भांडण झालं होतं बादलीवरून, ते मिटवलं. मावशींनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी तिखट कमी करणार नाही, कुणी कितीही रडलं तरी.

रविवार

सकाळी गावच्या मंडळीत उपासना. साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्या मुलाने देवाचे आभार मानले की स्टाफने मोबाईल काढून घेतला, आणि त्याच दमात तो आज परत मिळावा म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी अशी विनंती केली. मंडळी हसली, पाळकसाहेबही. वडाळ्याच्या काकांच्या ओसरीवर बसलेला मुलगा उठला आणि म्हणाला, त्याला घरी जाऊन आजीला विचारायचं आहे. काय, ते त्याने सांगितलं नाही. प्रभुभोजन झालं, मग शिरा आणि चहा, मग निघणं.

नगर, शिरूर, रांजणगाव. शिक्रापूरनंतर गाडी गोगलगाय झाली आणि वाघोलीत दीड तास एका जागी उभी राहिली. मोबाईल परत दिले होते, त्यामुळे बसमध्ये आठवड्यात पहिल्यांदा शांतता. रात्री मंडळीच्या फाटकाशी पालक उभे. एका आईने मुलाची बॅग घेत विचारलं, "काय काय केलंत रे?"

"भांडी घासली," तो म्हणाला. "आणि आजी जागी आहे का?"

माझ्याकडे आता एक पिशवी आहे: एक चार्जर, तीन टॉवेल, डाव्या पायाची एक चप्पल, आणि नगरच्या मामांचा रिकामा डबा. तो शेवटी जामखेडपर्यंत पोचला होता. ज्याचं त्याने पुढच्या रविवारी उपासनेनंतर घेऊन जावं.